टॉवेल हलला नाही

मी विद्यापीठाचा पंधराशे मीटरचा चॅम्पियन होतो, असं आता कुणाला सांगितलं तर तो आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "कुठल्या साली?" सालावरून काही उलगडा होईल असं त्याला वाटत असावं. मी साल सांगतो. तो पुन्हा पोटाकडे बघतो. मग विषय कांद्याच्या भावाकडे जातो, आणि तेच बरं असतं.

माझं नाव यादव भोये. गाव पेठ तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून आत, टेकडीच्या अंगावर वसलेला एक पाडा. आम्ही कोकणा आदिवासी. पावसाळ्यात भात आणि नागली, आणि दिवाळी उरकली की अर्धा पाडा सायखेड्याच्या बाजूला कांदे लावायला. माझी आई सुलाबाई दरवर्षी त्यात असायची. मी मात्र पुस्तकं घेऊन घरी बसायचो, कारण कांद्याच्या वाफ्यात माझा हात इतका हळू चालायचा की मुकादमानेच आईला सांगितलं, "याला शिकवा."

म्हणून १९९३ साली मी नाशिकला कॉलेजात आलो आणि पेठ रोडला आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहायला लागलो. प्रवेशाच्या रांगेत उभा असताना खेळाच्या दराडे सरांनी मला हेरलं. सर सिन्नरकडचे, उंच, गळ्यात कायम शिट्टी आणि खांद्यावर पांढरा टॉवेल.

"कुठला रे?"

"पेठकडचा, सर."

"म्हणजे डोंगरातला. शाळा लांब असेल."

"लांब होती, सर."

"मग पळत जात असशील."

आता खरं सांगायचं तर आमच्याकडे कुणी पळत नाही. चढ आला की माणूस दमानं चालतो आणि उतार आला की जपून. कुणी पळताना दिसलाच तर बायका दारात येऊन विचारतात, कोण गेलं? शाळेत तर मी रोज पहिला तास संपता संपता पोहोचायचो. पण सरांना 'नाही' म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. शिवाय पुढच्या पोराने माझ्या कानात सांगितलं होतं की खेळात नाव असलं की सकाळी केळी आणि उकडलेली अंडी मिळतात. मी मान हलवली.

माझ्या मागे सुरगाण्याचा काळू उभा होता. सरांनी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "नाय सर, मी चालत जायचो." सरांनी त्याला सोडून दिलं. काळू पुढे तलाठी झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोल्फ क्लब म्हणतात त्या मैदानावर हजर होतो. सरांनी चार फेऱ्या मारायला सांगितल्या. दुसऱ्या फेरीत मला कळलं की केळ्यांचा हा भाव फार चढा आहे. तिसऱ्या फेरीत कडेच्या लिंबाखाली मी ओकलो. सर जवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समाधानाने म्हणाले, "मैदानाची सवय नाही तुला. डोंगरातला आहेस ना." त्या दिवसापासून माझी प्रत्येक चूक डोंगराच्या खात्यावर जमा होऊ लागली. मी हळू पळालो तर सपाटीची सवय नाही, दमलो तर इथली हवा मानवत नाही. आपण मुळातच साधारण आहोत, असं सांगायची संधी मला कुणी दिलीच नाही.

खरा पळणारा होता लखन पगारे. नाशिकरोडचा. वडील नोटा छापायच्या प्रेसमध्ये कामाला, आणि त्यांनी जादा पाळ्या करून मुलाला खिळ्यांचे बूट घेऊन दिले होते. लखन पळायला लागला की त्याचं डोकं हलायचं नाही. खाली पाय चालू आहेत आणि वर तो निवांत कुठेतरी बघतोय, असं दिसायचं. मी पळताना माझं सगळंच हलायचं. एकदा लखनने मला सांगितलं, "यादव, तू पळतोस तेव्हा असं वाटतं की कुणीतरी तुला मागून धरलंय आणि तू सुटायची धडपड करतोयस."

वर्षभर पळून मी ओकायचा थांबलो. दुसऱ्या वर्षी सरांना माझा उपयोग सापडला. लखनला विद्यापीठात पहिला आणायचं होतं. तो एकटा सुटला की सुरुवातीला रेंगाळायचा. त्याला पुढे कुणीतरी लागायचं, ज्याच्या पाठीला लागून तो सुरुवातीच्या फेऱ्या वेगात काढेल. अशा माणसाला आम्ही ससा म्हणायचो. सशाचं काम एवढंच की जीव खाऊन पुढे पळायचं, मागच्याला ओढून न्यायचं आणि मग बाजूला व्हायचं. ससा शर्यत पुरी करत नाही. करू नये.

"तिसरी फेरी लागली की मी कडेला उभा राहून टॉवेल हलवीन," सरांनी समजावलं. "टॉवेल दिसला की आत मैदानात वळायचं आणि थांबायचं. त्याच्या आधी थांबलास तर बघ."

"नाही थांबणार, सर."

"आणि टॉवेल हलल्यावर पळत राहिलास तरी बघ."

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात, विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धा होत्या. मातीचा ट्रॅक, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा, आणि कडेला कापडी मंडप. मी, लखन आणि बाकीचे दहाएक जण रेषेवर उभे राहिलो. बार झाला आणि मी सुटलो. मला शर्यतीची चिंता नव्हती. अर्धीच पळायची होती, त्यामुळे मी पुऱ्या शर्यतीची ताकद अर्ध्यातच उधळली. मागचे सगळे हसत असणार, कारण ससा कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी माझ्या मागे आलं नाही. सगळे लखनवर नजर ठेवून होते, आणि लखन त्यांच्यावर. तो म्हणत होता, ते हलले की मी हलेन. ते म्हणत होते, हा हलला की आपण हलू. ससा जाऊ दे, तो थांबणारच आहे.

तिसरी फेरी लागली. मी कडेला बघितलं. सर नव्हते.

मी पुढच्या वळणावर बघितलं. नव्हते. मंडपाकडे बघितलं, तिथे एक बाई पाण्याचं पिंप पुसत होती. तिच्या हातात फडकं होतं, आणि क्षणभर मला वाटलं की हाच असेल. पण फडकं निळं होतं. थांबावं की न थांबावं, हे ठरवता ठरवता मी वळण पार केलं. माझे पाय जड झाले होते, छातीत कुणी भुसा भरल्यासारखं वाटत होतं, आणि मी प्रत्येक माणसाच्या खांद्यावर टॉवेल शोधत होतो. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. मला घाम फुटला, म्हणजे वेगळा घाम. आता मागून लखन येईल आणि म्हणेल, "अजून इथं काय करतोयस?" पण मागून कुणी आलं नाही. त्यांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटच्या सरळ पट्ट्यात मला त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू आला, पाऊस पत्र्यावर येतो तसा, आणि मी घाबरून पळालो. दोरी छातीला लागली तरी मला थांबायचा धीर होईना. एका पंचाने मला मिठी मारून थांबवलं.

लखन दुसरा आला. तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ श्वास घेतला आणि मग शांतपणे विचारलं, "टॉवेल कुठं होता?"

"हललाच नाही."

"सर कुठं होते?"

सर मैदानाच्या त्या टोकाला होते. आमच्या कॉलेजच्या भालाफेकवाल्या पोराचा भाला पंचांनी बाद दिला होता, म्हणून सर भांडायला गेले होते. टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता. भांडण जिंकून परत आले तेव्हा मी माळ घालून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लखनकडे बघितलं आणि टॉवेलने तोंड पुसलं.

"आता झालं ते झालं," ते म्हणाले. "हो चॅम्पियन."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'पंधराशे मीटर: यादव प्रथम'. वसतिगृहात आमच्या अधीक्षकांनी बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "हा यूपीकडचा असणार. ते लोक दूध पितात." मी सांगितलं, सर, तो मी. त्यांनी पेपर पुन्हा वाचला. मग म्हणाले, "आपल्याकडेही दूध वाढवायला पाहिजे," पण वाढवलं नाही.

लखन महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मला ते पटत होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो, फक्त त्याच्या जागी मी असण्याची शक्यता नव्हती. विद्यापीठाचा संघ अखिल भारतीय स्पर्धेला निघाला आणि नेमकं तेव्हाच गालगुंड होऊन माझं जाणं राहिलं. संघाच्या फोटोत मात्र मी आहे. दोन्ही गाल फुगलेले, सगळ्यांपासून हातभर लांब उभा. आमच्या पाड्यावर तो फोटो पाहून भागीबाई सुईण म्हणाली, "नाशिकला गेल्यापास्नं पोर बाळसं धरलं."

पण त्या खोट्या विजयाने मला खऱ्या कामाला लावलं. पुढच्या वर्षी सगळे माझ्याकडे बघणार होते. आता थांबायचं नव्हतं, आणि अर्धी शर्यत पळायची ताकद पुऱ्या शर्यतीला पुरवायची होती. मी पहाटे उठून म्हसरूळच्या चामरलेण्यांच्या पायऱ्या चढायला लागलो. एके दिवशी लखन तिथे उभा दिसला. तो माझ्याबरोबर चढायला लागला. वर पोहोचल्यावर त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "खांदे सोडून पळ. पोतं उचलल्यासारखे धरतोस." आमचं बोलणं असं सुरू झालं, आणि अजून चालू आहे.

त्याच सुमारास आई सायखेड्याहून घरी परतताना मला भेटायला आली. मी तिला मैदानावर घेऊन गेलो. म्हटलं, बघ तुझा मुलगा काय करतो ते. ती कडेला बोचकं मांडीवर घेऊन बसली. मी फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, चांगल्या वेगात, खांदे सोडून. घामाने भिजून तिच्यासमोर येऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे काळजीने बघितलं.

"पळहस, आन परत तठंच येहस?" ती म्हणाली.

इतकं पळून पुन्हा त्याच जागी येतोस, हे काय काम झालं, असं तिला विचारायचं होतं. मी तिला खूप समजावलं. बक्षिसाचा कप दाखवला. तिने कप उलटा करून बघितला आणि विचारलं, यात कालवण ठेवलं तर कळकेल का? त्याला आतून कल्हई नव्हती, म्हणून तो कप शेवटी देवाजवळ गेला.

त्या वर्षी लखन पहिला आला आणि मी दुसरा. अगदी थोडक्यात हरलो असं मी सांगतो. थोडक्यात म्हणजे त्याच्या बनियनवरचा नंबर मला वाचता येत होता.

नंतरच्या वर्षी लखन कॉलेजातून बाहेर पडला होता, आणि मी एमएला नाव घालून राहिलो होतो. एमए कशात, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागायचं. त्या शर्यतीबद्दल मात्र मला थट्टा करता येत नाही, प्रयत्न करून पाहिला आहे. मी पहिल्यापासून पुढे होतो, आणि या वेळी मागच्यांना ठाऊक होतं की हा थांबणार नाही. नगरचा एक मुलगा माझ्या खांद्याला चिकटून आला होता. शेवटच्या वळणावर तो पुढे गेला. मला वाटलं, झालं. मग मला जाणवलं की माझं डोकं हलत नाहीये. पाय खाली चालू होते आणि मी वर कुठेतरी निवांत बघत होतो, लांब मंडपाच्या कळकांकडे. मी त्याच्या बाहेरून गेलो. तो काही अंतर माझ्याबरोबर राहिला आणि मग राहिला नाही. एवढंच. जेवणाची सुट्टी झाली होती, त्यामुळे मैदानावर फारसं कुणी नव्हतं. मंडपातले लोक पत्रावळींवर होते. लखन तेवढा दोरीपाशी उभा होता. तो फक्त म्हणाला, "आज टॉवेल असता तरी तू बघितला नसतास."

हा आनंद अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत टिकला. तिथे पंजाब-हरियाणाची मुलं आमच्या रेषेवर आली तेव्हा मला वाटलं, हे गोळाफेकवाले चुकून इथे आले. ते चुकून आलेले नव्हते. पहिल्या फेरीअखेर मी शेवटचा होतो, दुसरीअखेर मी शेवटचा होतो, आणि तिसरीअखेर प्रेक्षकांना कीव येऊन ते टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, लोकांना माझी शैली आवडली. मी हात हलवला. पुढची शर्यत अडथळ्यांची होती, आणि पंधराशे मीटर संपली असं समजून स्वयंसेवकांनी शेवटच्या पट्ट्यात अडथळे मांडायला घेतले. मी वळणावरून आलो तर समोर लाकडी घोडे. एक बाजूने चुकवला, दुसरा चुकवला, आणि तिसरा एका स्वयंसेवकाने घाईघाईने उचलून छातीशी धरला. मी जवळून जाताना तो "सॉरी" म्हणाला. त्या स्पर्धेत माझ्याशी एवढं आदराने दुसरं कुणी बोललं नाही.

खेळाडूंना नोकऱ्या मिळतात असं दराडे सर सांगायचे. मी पोलीस भरतीला गेलो. पळण्यात पहिला आलो. मग छाती मोजली. न फुगवता ठीक भरली. फुगवून मोजायला लागले तर ती फुगेचना. हवालदाराने तीनदा फीत लावली. "श्वास घे," तो म्हणाला. "घेतलाय," मी म्हणालो. "मग जातो कुठं?" त्याने विचारलं. मलाही ते कधी कळलेलं नाही. पंधराशे मीटरचा चॅम्पियन श्वास कमी पडल्यामुळे घरी परतला.

शेवटी अंबडला एका कारखान्यात लागलो. विजेच्या पेट्यांचे पत्रे ठोकणारा कारखाना. पर्सोनेलच्या साहेबांनी मला खेळाडू म्हणूनच घेतलं. अंबड-सातपूरच्या कंपन्यांच्या मैदानी स्पर्धा व्हायच्या, त्यात कंपनीचं नाव काढायचं होतं. मी ज्या वर्षी लागलो त्याच वर्षी त्या स्पर्धा बंद पडल्या आणि क्रिकेटच्या सुरू झाल्या. मला क्रिकेट येत नाही. आमच्या पाड्यावर सपाट जागाच नव्हती. चेंडू मारला की तो थेट ओहोळात जायचा आणि खेळ संपायचा.

तरीही माझा उपयोग निघाला. आमच्या जनरल मॅनेजर साहेबांना फलंदाजीची हौस होती आणि त्यांचे गुडघे गेलेले होते. नियमाप्रमाणे जायबंदी फलंदाजाला पळायला दुसरा माणूस घेता येत असे. साहेबांनी विचारलं, "आपल्याकडे तो पळणारा आहे ना कुणीतरी?" अशा रीतीने दोन हजार साली विद्यापीठाचा चॅम्पियन साहेबांच्या वतीने बावीस यार्डांत पळायला उभा राहिला. अंगावर पांढरे कपडे, पायाला पॅड आणि हातात बॅट. बॅट घेऊन कसं पळतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी पहिलाच चेंडू मस्त तटवला आणि "यस" म्हणाले. मी सुटलो. सवयीने सुटलो, म्हणजे सुरुवात जपून. पंधराशे मीटर पळणाऱ्याला पहिल्या वीस पावलांची घाई नसते. वाटेत मी खांदे सैल सोडले, श्वास जुळवला, आणि तोवर दांड्या उडाल्या होत्या.

साहेब मैदानातून परतताना मला म्हणाले, "भोये, तुम्ही नक्की चॅम्पियन होता ना?"

"हो सर. पण लांबचा."

त्यांनी पुढच्या सामन्यात पॅकिंगचा एक पोरगा घेतला. मी पाणी द्यायला राहिलो. तिथे मात्र माझं कौतुक झालं, कारण पाणी मी वेळेवर पोहोचवायचो.

पुढच्या वर्षी लग्नाचं निघालं. मुलगी सुरगाण्याकडची, मीना, आरोग्य केंद्रात नर्स. बघायला गेलो तर तिचे मामा माहिती काढत होते. मला घेऊन गेलेल्या माझ्या चुलत्यांनी अभिमानाने सांगितलं, "पोरगा पळतो."

मामा सावध झाले. "कुणासंगं?"

"एकटाच पळतो."

"मग परत येतो का?"

"तिथल्या तिथंच येतो," चुलते म्हणाले. मामांचा जीव भांड्यात पडला. मीना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचे खांदे हलत होते आणि कपांतला चहा बशांत सांडत होता. मला वाटलं घाबरलीये. नंतर कळलं की हसत होती. अजूनही तिला माझ्यावर हसताना कप खाली ठेवायचं सुचत नाही. घरातल्या बऱ्याच बशा त्यात गेल्या.

लग्नानंतर मी पळणं सोडलं. सोडलं असं म्हणण्यापेक्षा ते माझ्यापासून पुढे निघून गेलं. पाळ्या बदलत्या, मीनाच्या हातचं जेवण, आणि कारखान्याच्या गेटवरचे वडे. लखन एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला होता. तो भेटला की माझ्या पोटाला हात लावून म्हणायचा, "ससा गाभण आहे का रे?"

खरी पोटुशी त्या वेळी मीना होती. सन २००३ची होळी. सातवा महिना सरून गेला होता, म्हणून आईने हट्टाने आम्हाला पाड्यावर बोलावलं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या वेळेला, मीनाच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून बराच वेळ होता. भागीबाई सुईण आली, तिने पोट चाचपलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "पोर आडवं हाय. ह्ये माझ्या हातचं नाय. दवाखान्यात ने."

पेठच्या दवाखान्यात न्यायला जीप हवी होती, आणि जीप खाली डांबरी रस्त्याच्या फाट्यावर मिळायची. टेकडी उतरून ओहोळ ओलांडायचा, मग पुन्हा एक चढ आणि पलीकडे फाटा. पाड्यावर फोन नव्हता. सायकल होती तिचं चाक होळीच्या धांदलीत वाकलेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आतून मीनाचा आवाज आला, कळेच्या मधून, पण स्पष्ट. "उभे काय राहिलात? आयुष्यभर कशाची तयारी केलीत?"

मी पळालो. पायात स्लिपर होत्या. उतारावरच एक तुटली, मग दुसरी मीच फेकली. पहिल्या टप्प्यात वेग बांधून घ्यायचा, हे डोक्यात होतं, पण वेग बांधायला काही शिल्लकच नव्हतं. ओहोळापर्यंत येता येता बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं दुखायला लागलं. पलीकडच्या चढावर मी चाललो. जीव तुटत होता, मीनाचा चेहरा डोळ्यांपुढे होता, आणि तरीही पाय चालण्यापलीकडे काही करेनात. तेवढ्यात माझ्या शेजारून लंकाबाई आली. आमच्याच पाड्यावरची म्हातारी, डोक्यावर लाकडांची मोळी. ती माझ्या बरोबरीने चालत होती आणि तिला दम लागलेला नव्हता.

"कठं निंगालास रं?"

"जीप... आणायला. मीनाला... दवाखान्यात..."

"मंग असा काय चालतोस?" ती म्हणाली. मोळी सावरून तिने हनुवटीने उजवीकडची पायवाट दाखवली. "हिकडनं जा. सरळ फाट्यावर निंघशील."

त्या वाटेने काटे होते, पण चढ कमी होता. मी पुन्हा पळायला लागलो. कसा पळालो ते मला सांगता येणार नाही. खांदे, श्वास, नजर, सगळं विसरलो. तोंडाने फक्त "थांब, थांब" चाललेलं होतं, आणि ते मी जीपला म्हणत होतो की पोटातल्या बाळाला, तेही ठाऊक नाही.

फाट्यावर जीप उभी होती. झुंबर नावाचा ड्रायव्हर बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता. मी त्याच्या पुढ्यात जाऊन पडलोच.

"काय झालं? एवढं पळत का आलास?"

"जीप... जाईल म्हणून."

झुंबरने माझ्याकडे नवलाने बघितलं. "भरल्याशिवाय कशी जाईल? अजून चार सीटा बाकी हायेत."

लहानपणापासून मी त्या फाट्यावर जीप भरायची वाट बघत तास तास बसलेलो आहे. भरल्याशिवाय ती हलत नाही, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसरं काही ठाऊक नव्हतं. पण मीनाचं सांगून झाल्यावर झुंबरने तंबाखू फेकून दिली आणि जीप कच्च्या रस्त्याने पाड्याकडे वळवली. आतले प्रवासी उतरले नाहीत. एकाला पेठला बाजाराला जायचं होतं, एकाला कोर्टाच्या तारखेला, पण सगळे सरकून बसले. मीनाला मागच्या बाकावर आईच्या मांडीवर झोपवलं. दोन माणसं दाराच्या पायरीवर लोंबकळली. मी बाहेर लटकणार होतो, पण झुंबर म्हणाला, "तू आत बस. तुझं काय खरं दिसत नाय."

दवाखान्यात मीनाला आत नेलं. बाहेर आलेल्या नर्सने चौकशी केली, "पेशंट कोण?" आणि ती थेट माझ्याकडे आली. माझे ओठ निळे पडले होते म्हणे, पाय रक्ताळलेले, आणि मी काहीतरी बडबडत होतो. तिने मला बाकावर आडवं केलं आणि सलाईन लावलं. मी सांगत होतो की पेशंट आत आहे, मी फक्त पळून आलोय. ती म्हणाली, "हो, हो, पडून राहा."

आत डॉक्टरबाईंनी बाळ हाताने फिरवलं आणि मुलगी झाली. लहान होती, मुठीएवढं तोंड, पण रडली जोरात. तिचं रडणं मला बाकावर ऐकू आलं आणि मीही रडलो. हाताला सुई असल्यामुळे डोळे नीट पुसता आले नाहीत. आईने पदराने पुसले. मग ती माझ्या तळपायांतले काटे काढत बसली.

मीनाचं म्हणणं असं की त्या दिवशी तिचं बाळंतपण तिने एकटीने केलं आणि त्यानंतर तिलाच नवऱ्याची चौकशी करावी लागली. हे ती कुणालाही सांगते, आणि ते खरं आहे.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. माझं सलाईन अजून संपायचं होतं, मी तिच्या खाटेशेजारच्या बाकावर डोळे मिटून पडलो होतो. दारात गलका ऐकू आला. जीपमधले प्रवासी होते. बाजार हुकला होता, कोर्टाची तारीख टळली होती, पण कुणी गेलं नव्हतं. सगळे दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिले होते. एकेक करून त्यांनी बाळ पाहिलं. शेवटी एक म्हातारा आत आला, त्याने बाळाच्या कपाळाला बोट लावलं आणि मीनाला हळू आवाजात विचारलं, "आन तो पळत आलेला? वाचला का?"

"वाचलाय," मीना म्हणाली. "दमलाय जरा. झोपू द्या त्याला."